‘हे कुणाचं?’ : डोंबिवलीच्या एका घरातलं निवडण्याचं प्रकरण

बहिणीचा फोन रात्री साडेनऊला आला. “ताई, हिला रंग कळत नाहीत गं. डोळे दाखवून आणू का?”

‘हिला’ म्हणजे माझ्या भाचीला. घरात सगळे तिला छकुली म्हणतात, इथंही तेवढंच नाव पुरे. तेव्हा ती २ वर्षं २ महिन्यांची होती. डोंबिवलीत वन-बीएचके, दुसरा मजला. आईबाबा दोघंही नोकरीवाले, आठच्या आत घराबाहेर. दिवसभर छकुली आजीजवळ. आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई, मूळच्या वाईकडच्या. मी त्यांना काकू म्हणते. मी १९ वर्षं बालवाडीत शिकवलं, आता घरीच असते आणि कल्याणला राहते. त्यामुळे मंगळवारी दुपारी आणि शनिवारी तिकडं चक्कर मारणं मला जमण्यासारखं होतं. पुढचे सहा आठवडे तशी गेले आणि रात्री वहीत लिहीत राहिले. खालचा मजकूर त्या वहीतून उतरलाय.

फोनआधी काय झालं होतं

बहिणीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. चार रंगांच्या वाट्या, त्याच रंगांचे लोकरीचे मोठे गोंडे, आणि एक शहाणं बाळ निमूटपणे लाल गोंडा लाल वाटीत टाकतंय. तिनं तसाच संच मागवला. रविवारी सकाळी चटई अंथरली, छकुलीला समोर बसवलं. “लाल लालमध्ये टाक हं.” छकुलीनं तीन गोंडे कुठल्या तरी वाटीत टाकले, मग वाटी पालथी केली, मग हिरवी वाटी तोंडाला लावून “च्या पिते” म्हणाली. आईनं तिचा हात धरून गोंडा बरोबर वाटीत टाकवला. छकुली रडली. पुढचे दोन रविवारही असेच गेले. मधल्या काळात आईनं येताजाता विचारायला सुरुवात केली होती, “हा कुठला रंग?” छकुलीचं उत्तर ठरलेलं: “लाल.” आकाश लाल, पालक लाल, आजीचं पांढरं पातळसुद्धा लाल.

त्यात शेजारची तिच्याच वयाची मुलगी सात रंग घडाघडा म्हणून दाखवायची. शिवाय कुणीतरी बहिणीला सांगितलं होतं की नर्सरीच्या प्रवेशाला रंग विचारतात. शाळेच्या प्रवेशासाठी मुलांची अशी चाळणी लावायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे, तो कायदा मुख्यतः सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी असला तरी, हे मी तिला सांगितलं. तिला त्यानं फारसा धीर आला नाही. आईला कायद्यानं धीर येत नसतो.

डोळ्यांचं मात्र लगेच पाहिलं. लाल-हिरव्यात गल्लत होण्याचा जन्मजात दोष मुलग्यांमध्ये जास्त आढळतो, मुलींमध्ये अगदी क्वचित. आणि रंग दिसणं वेगळं, त्याचं नाव येणं वेगळं. रंगांतला फरक बाळाला पहिल्या काही महिन्यांतच दिसायला लागतो. नावं बसायला मात्र दोन ते तीन वर्षांचं वय, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. शब्द म्हणून रंग कठीणच आहे. ‘वाटी’ म्हटलं की हातात धरता येईल अशी एक वस्तू असते. ‘लाल’ कशावर बोट ठेवून दाखवायचा? वाटीवर ठेवलं तर मूल म्हणणार, ही वाटी.

म्हणून नाव न घेता बघितलं. एक निळा गोंडा माझ्या तळहातावर ठेवला, तिच्यापुढे निळा आणि पिवळा ठेवला आणि म्हटलं, “मला असाच दे.” तिनं निळा दिला. पिवळा दाखवून परत मागितला, तर पिवळा दिला. असं पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. सहाव्या वेळी ती उठून गेली. डोळ्यांचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला.

चपला

पहिल्या मंगळवारी मी काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. पलंगावर बसले, चहा घेतला, बघत राहिले. काकूंची तक्रार चालू होती. “सारखी चपला उचलून फिरते हो ही. किती वेळा हात धुवायचे? एवढा मोठा स्टँड आणलाय, त्यावर एक चप्पल राहू देत नाही.”

मग मला ते दिसलं. छकुलीनं दाराजवळून काकूंची घरात घालायची स्लीपर उचलली आणि काकूंच्या खाटेखाली ठेवली, दुसरी आणून तिच्या शेजारी. मग बाबाचे बूट, एकेक करून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, कॉम्प्युटरच्या खुर्चीखाली. आईची निळ्या पट्ट्याची चप्पल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. माझी चप्पल उचलून क्षणभर थांबली. घरात माझी अशी जागा नाही. इकडंतिकडं पाहिलं, आणि माझी पिशवी जिथं टेकवली होती तिथं तिच्याजवळ नेऊन ठेवली. “मावशीची,” म्हणाली.

चार माणसं, चार जागा, एकही चूक नाही. ज्या मुलीला वर्गवारी जमत नाही म्हणून मला बोलावलं होतं, ती दिवसातून तीनदा अख्ख्या घराच्या पादत्राणांची वर्गवारी करत होती आणि त्याबद्दल बोलणी खात होती. तिचा नियम रंगाचा नव्हता, आकाराचाही नव्हता. ‘हे कुणाचं?’ हा तिचा नियम होता.

मुलं अठरा महिन्यांच्या सुमारास समोरच्या मिसळलेल्या वस्तूंचे आपण होऊन दोन गट करू लागतात आणि साधारण त्याच दिवसांत वस्तूंची नावंही भराभर उचलतात, असं ॲलिसन गॉपनिक आणि अँड्र्यू मेल्टझॉफ या मानसशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये नोंदवलंय. म्हणजे गट करणं आपण शिकवत नाही, ते येतंच. प्रश्न एवढाच की मूल कुठल्या नियमानं गट करतंय हे मोठ्यांना दिसतंय का. सगळ्या प्रकरणात मला सांगायची गोष्ट ही एवढीच आहे. बाकीचा तपशील तिच्याभोवतीचा.

काकूंची सकाळ

शनिवारी सगळ्यांना एकत्र बसवून मी ‘वर्गीकरण’ हा शब्द दोनदा वापरला. काकू म्हणाल्या, “म्हणजे निवडायचंच ना?”

हो, निवडायचंच. घरी येताना गाडीत मी त्याच विचारात होते. काकू सकाळी मेथी निवडतात, तांदूळ निवडतात, शेंगदाण्याचं कूट करायच्या आधी भाजलेले दाणे सुपात पाखडतात, पीठ चाळतात. पाखडणं वजनावर चालतं: फोलपट हलकं, ते उडतं. चाळणं आकारावर: बारीक खाली, जाड वर. निवडणं नजरेवर. शहरातल्या मुलांसाठी लाकडी ट्रेमध्ये जे विकत मिळतं, त्याची क्रियापदं आपल्या ओट्याशी रोज वापरात आहेत. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शंख-शिंपले, खडे अशी भोवतालची वस्तू साधन म्हणून वापरण्यावर त्यांचा भर होता. माँटेसरींची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती, हे त्यामागचं एक साधं कारण. आमच्या प्रशिक्षणात हे दर वर्षी घोकलं जायचं. आणि तरी बहिणीला मदत करायची म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी आला तो कपाटातला जुना लाकडी ठोकळ्यांचा संचच!

असो. ठरलं असं: विकतचा संच माळ्यावर. घरात जे काम चाललंय त्यातलाच एक तुकडा छकुलीला द्यायचा, आणि सुरुवात तिच्याच नियमानं.

कपडे, मग चमचे, मग कांदे-बटाटे

वाळलेले कपडे दोरीवरून काढून पलंगावर ओतले. काकूंनी एक उचलायचा आणि विचारायचं, “हे कुणाचं?” छकुलीनं घेऊन त्या त्या माणसाच्या ढिगावर टाकायचं. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावलं होतं. सहा मिनिटं टिकली. या वयाला सहा मिनिटं म्हणजे पुष्कळ. बाबाचा शर्ट, आजीचा परकर, तिचा झबला, सगळं बरोबर. अडली ती टॉवेलवर. टॉवेल कुणाचा? या घरात मोठा टॉवेल दोघं वापरतात. तो तिनं पलंगाच्या मधोमध ठेवला आणि त्यावर बसली.

तेव्हाच बहिणीला एक पथ्य सांगितलं. ‘चूक’, ‘असं नाही’, ‘नीट बघ’ हे शब्द सहा आठवडे बंद. मुलीनं जे केलं ते बोलून दाखवायचं: “बाबाचा शर्ट बाबाकडे ठेवलास.” एवढंच. शाबासकीचा टाळ्यांचा कडकडाटही नको, त्यानं ती काम सोडून टाळ्यांकडे बघते. बहिणीला हे कठीण गेलं. तिच्या ओठांवर ‘चूक’ येऊन थांबलेला मला दिसायचा.

चमच्यांचं फार लांबवत नाही. स्टँडमधले मोठे आणि लहान चमचे एका ताटात ओतले, दोन पेले दिले. तीनचार टाकून झाल्यावर तिनं सगळे काढले आणि फरशीवर एकामागे एक लावले. लोकल झाली, कल्याण फास्ट. काकूंना वाटलं खेळ बिघडला. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी लहान मुलांच्या वर्गीकरणाचा बारकाईनं अभ्यास केला होता, त्यात हे नेमकं आहे: गट करायला दिलेल्या वस्तूंचं ती चित्र करतात, रांग लावतात, घर बांधतात. तो बिघाड नव्हे, त्या वयाची रीतच आहे. लोकल सुटू दिली.

कांदे-बटाट्यांचा दिवस मात्र वहीत दीड पान आहे.

शनिवारची भाजी आली होती. काकूंनी पिशवी परातीत ओतली आणि पलीकडे दोन टोपल्या ठेवल्या. एकीत आधीच एक कांदा, दुसरीत एक बटाटा. हे काकूंचं डोकं, माझं नव्हे. न बोलता नियम सांगायची यापेक्षा चांगली युक्ती मला १९ वर्षांत सुचली नव्हती. छकुली उकिडवी बसली. कांदा उचलला की तिच्या बोटांना साल चिकटायची, ती झटकायची, साल उडाली की हसायची. कांदा टोपलीत, बटाटा टोपलीत. एका बटाट्याला कोंब आला होता, तो तिनं बोटानं दाबून पाहिला आणि काकूंकडे बघितलं. काकू काही बोलल्या नाहीत. बटाट्यातच गेला. मग परातीत हात घालताना तिच्या हाती एक रताळं आलं.

तिनं ते दोन्ही हातांत धरलं. कांद्याच्या टोपलीशी नेलं, थांबली. बटाट्याच्या टोपलीशी नेलं. नाकाला लावलं. परत कांद्याकडे. असं मिनिटभर तरी चाललं असेल, आणि मिनिटभर मूल एका गोष्टीवर असं घोटाळताना बघायला मिळणं हे माझ्या धंद्यातलं सुख आहे. शेवटी काकूंना राहवलं नाही. “रताळं आहे ते. त्याला वेगळं ठेव.” आणखी थोडं थांबायला हवं होतं असं मला वाटलं. काकूंना वाटलं, पोरीला किती छळायचं. छकुलीनं रताळं कुठंच ठेवलं नाही. ते घेऊन ती घरभर फिरली, दुपारी त्याला शेजारी घेऊन झोपली, आणि संध्याकाळी ते उकडायला घेतलं तेव्हा मोठा गहजब झाला.

वाटाणा

तिसऱ्या आठवड्यात माझी चूक भोवली.

मी काकूंना उत्साहात म्हणाले होते, “घरातलं काहीही चालतं हो.” गुरुवारी, मी नसताना, काकूंनी मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या धुऊन घेतल्या आणि त्यांत निवडायला वाटाणे, राजमा, काबुली चणे एकत्र करून छकुलीपुढे ठेवले. कुकरची शिट्टी झाली, काकू गॅस बारीक करायला उठल्या. परतल्या तेव्हा छकुली नाकात बोट घालून म्हणाली, “वाताणा गेला.”

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो दोन मिनिटांत काढला. घरी चिमटा घातला नाहीत हे बरं केलंत, म्हणाले. तसं करताना तो मागे ढकलला जातो. वाळलेला वाटाणा आत ओल धरून फुगतो, म्हणून उशीर केला की काढणं कठीण. आणि नाकापेक्षा वाईट म्हणजे श्वासनलिका. शेंगदाणा, चणा, डाळिंबाचा दाणा तोंडात असताना मूल हसलं किंवा रडलं की तो श्वासाबरोबर खाली खेचला जाऊ शकतो.

काकू दोन दिवस जेवल्या नाहीत धड. त्यांना मी स्वच्छ सांगितलं की दोष माझा. ‘काहीही’ हा शब्द मी वापरायला नको होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी चाचणी आहे तिच्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते; वस्तू तीत पूर्ण मावली तर ती नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे नळी त्याहून थोडीशीच मोठी. व्हिडिओंमध्ये हमखास दिसणारी पाण्याच्या बाटलीची झाकणं तीत आरामात मावतात. बटणं, मणी, चिंचोके, गोट्या यांचं तर विचारायलाच नको. रिमोटचे आणि खेळण्यातले चपटे सेल, छोटी लोहचुंबकं गिळली तर प्रकरण ऑपरेशनवर जातं, म्हणून ती मुलाच्या हाताला लागेल अशी घरात असूच नयेत. त्या दिवसापासून आम्ही नियम धरला: छकुलीच्या मुठीत झाकली जाईल ती वस्तू निवडायला द्यायची नाही, आणि निवडायचं काम चालू असताना कुकरची शिट्टी मोजायला दुसऱ्या कुणीतरी उठायचं. दुसरं कुणी नसेल तर गॅस बंद करून बसायचं. मेथी निवडणं मात्र चालू राहिलं. पानं इकडे, काड्या तिकडे. अर्धी पानं काड्यांत जायची, ती काकू नंतर गुपचूप वेचून घेत.

रंग कुठून आला

चौथ्या आठवड्यात बहिणीनं विचारलं, आता रंग घेऊ का? घे म्हटलं, पण दोनच. तिनं स्वतःचे केस बांधायचे मोठे कापडी रबर काढले, पाच लाल, पाच पिवळे, आणि दोन डबे. छकुलीनं दहाही एकाच डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा आईच्या मांडीवर ठेवला. “आईचे.”

बहिणीचा चेहरा पडला. मला हसू आवरेना. अहो, बरोबरच आहे की! सगळे आईचेच आहेत. तिच्या नियमानं दोन डबे करण्याचं काही कारणच नव्हतं.

मग आम्ही उलटा रस्ता धरला. बाथरूममध्ये बाबाचा मग निळा, आईचा लाल, छकुलीचा पिवळा. हे आधीपासूनच तसं होतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं. बहिणीनं दातांचे ब्रश तेच रंग बघून नवे आणले, पाण्याच्या बाटल्याही. आणि बोलण्यात रंग नावाच्या मागे जोडायला सुरुवात केली: “बाबाचा मग. निळा आहे.” ‘निळा मग’ म्हटलं की मुलाच्या कानावर आधी एक अनोळखी शब्द पडतो, आणि वस्तू मागून येते, ‘मग निळा आहे’ म्हटलं की आधी लक्ष मगावर जातं, मग त्याच्याबद्दल काहीतरी कळतं. बालवाडीत हे मी अनुभवानं करत असे.

पाचव्या आठवड्याच्या शनिवारी छकुली गॅलरीत होती. समोरच्या इमारतीवर निळी ताडपत्री बांधली होती. तिकडे बोट करून ती ओरडली, “बाबाचं!” बहीण म्हणाली, “नाही गं, ते त्यांचं आहे.” मी बहिणीचा हात दाबला. ताडपत्रीला बाबाशी जोडणारी जगात एकच गोष्ट होती, आणि ती या मुलीनं शोधून काढली होती. दोन दिवसांनी फोन आला: रिक्षावाल्याचा निळा शर्ट ‘बाबाचा’, टोमॅटो ‘आईचा’, आणि केळं, अर्थात, ‘माझं’.

लोक म्हणतील, पण तिला ‘निळा’ कुठं म्हणता येतंय? येत नव्हतं. शेजारची मुलगी सात रंग म्हणायची, छकुली एकही नाही. मी एकदा शेजारच्या मुलीला पिवळा गोंडा दाखवून ‘असाच दे’ म्हटलं, तर तिनं छान हसून “हिरवा!” म्हटलं आणि लाल दिला. तिचंही काही बिघडलेलं नाही. तिच्याकडे नावं आधी आली, हिच्याकडे नियम.

शेवटचा मंगळवार

संच माळ्यावरून उतरवला. चटई नाही, सूचना नाही. वाट्या आणि गोंडे टोपलीत घालून जमिनीवर ठेवले आणि काकू आणि मी वाल सोलत बसलो. छकुलीनं पंधरावीस मिनिटं तिकडं बघितलंही नाही. मग आली, टोपली उपडी केली. निळी वाटी उचलून खुर्चीखाली, बाबाच्या बुटांच्या जागी ठेवली. लाल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. पिवळी स्वतःपुढे. आणि गोंडे वाटायला निघाली, एका वेळी एक, प्रत्येक गोंड्यासाठी वेगळी खेप. एक निळा वाटेत पलंगाखाली गेला, तो तसाच राहिला. दोन लाल पिवळ्यांत आले. बाकी सगळे आपापल्या घरी.

हिरवी वाटी आणि पाच हिरवे गोंडे उरले. काकूंची घरात सगळी भांडी स्टीलची, त्यांना रंग नाही. छकुली हिरवा गोंडा घेऊन काकूंपुढे उभी राहिली. “हे कुणाचं?”

काकूंनी वालाची साल बाजूला टाकली. “कुणाचंच नाही बाई. तूच सांग.”

तिनं जरा वेळ विचार केला, पाचही गोंडे एकेक करून माझ्या पिशवीपाशी आणले आणि चपलेत ठेवले, तीन एकीत, दोन दुसरीत. त्या घरात माझी हिरवी वस्तू एकही नाही. पिशवी तपकिरी, चप्पल काळी. वहीत त्या दिवशीची शेवटची ओळ अशी आहे: हिरवा – मावशी. कारण कळलं नाही.